दोन तृतीयांश

त्या साली लूत सगळ्यात आधी निघाली ती याच घरच्या मेंढ्यांत, आणि नशीब वाकडं झालं ते तिथूनच. एका म्हाताऱ्या मेंढीनं खांबाला पाठ घासायला घेतली. दोन दिवसांनी दुसरीनं घेतली, मग तिसरीनं. घरच्या म्हाताऱ्यानं बोटांनी लोकर फाकवून पाहिली तर खालची कातडी पिवळट आणि चिकट, कडेनं खपल्या धरलेल्या. त्यानं बोट दगडाला पुसलं आणि घरात चकार शब्द काढला नाही.

पण मेंढ्या थोड्याच गप्प बसतात! कुरणावर पाच घरांचे कळप एकत्र चरायचे. आठवड्याभरात पाचही घरांच्या मेंढ्या कुंपणाला अंग घासू लागल्या आणि काटेरी तारेवर लोकरीचे पुंजके लोंबू लागले. कुरणाचा कारभारी सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला म्हणाला, "तुमच्या घरातून आली ही. आता औषधाच्या दिवशी तुमचा नंबर शेवटचा. तुमची घाण आधी हौदात नको."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. दुसरं काय करणार? आली होती ती खरंच त्याच्या घरातून.

घरात माणसं तीन. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. सून आठवीपर्यंत शिकलेली होती, आणि मेंढपाळाच्या घरात एवढंही खूप झालं, म्हणून सासऱ्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचं नाव 'शाळा' ठेवलं. "ए शाळा, पाणी आण." "शाळा उठली का नाही अजून?" त्यात रागही नव्हता आणि लाडही नव्हता. आठवीची शाळा या घरात कधी कशाला उपयोगी पडली नव्हती, आणि ते तिलाही मान्य होतं. नवरा फार बोलायचा नाही. मेंढी दिसली की तो बोलायचा, माणूस दिसलं की गप्प.

औषधाच्या दिवशी सकाळपासून बोचरा वारा होता. हौद उताराच्या पायथ्याशी. लांबट, अरुंद आणि माणसाच्या छातीइतका खोल. एका टोकाला सरळ कडा, तिथून मेंढी आत ढकलायची. दुसऱ्या टोकाला पायऱ्या, तिथून ती निथळत बाहेर यायची. आतल्या भिंतीवर लाल रंगाच्या तीन रेघा तळापासून सारख्या अंतरावर ओढलेल्या होत्या. सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत पाणी असलं की हौद भरला.

जनावरांच्या डॉक्टरानं स्वतःच्या हातानं औषधाचा अख्खा डबा हौदात ओतला. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि नाकात झोंबणारा वास सुटला. "एका हंगामाला एक डबा," तो म्हणाला. "ज्या मेंढीला औषध झालं तिच्या पाठीवर निळी खूण करायची. निळी खूण असलेल्या मेंढीला या हंगामात परत औषध नाही, माझ्या पाया पडलात तरी नाही. आणि औषध अर्ध्याच्या खाली पातळ झालं तर किडा मरत नाही. मग ती नुसती अंघोळ." एवढं सांगून तो गाडीत बसला. महिन्याभरानं तो नदीपलीकडच्या हौदावर जाणार होता, तिथं ताजा डबा फुटणार होता.

डॉक्टर गेला आणि हौद हौदवाल्याच्या ताब्यात आला. हौदवाला म्हणजे एक पाय ओढत चालणारा, सदा कावलेला माणूस. त्याच्या हातात निळ्या रंगाची बादली आणि नळाची चावी.

पहिला कळप कारभाऱ्याचा. मेंढ्या एकामागून एक आत पडत होत्या, पोहत होत्या, दुबेळक्याच्या काठीनं त्यांची डोकी क्षणभर पाण्याखाली दाबली जात होती. बाहेर येऊन त्या अंग झाडायच्या आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरे शिंतोडे उडायचे. लोकर पाणी पिते. कारभाऱ्याचा कळप होईतो हौद एक रेघ खाली उतरला. हौदवाल्यानं नळ सोडला, पाणी पुन्हा वरच्या रेघेला आणलं आणि ओरडला, "चला, दुसरे!"

असं प्रत्येक घरामागं चाललं. कळप सगळ्यांचे साधारण सारखेच होते. कळप व्हायचा, पाणी एक रेघ उतरायचं, नळ सुटायचा. पांढऱ्या पाण्यात शेण आणि माती मिसळून ते चहासारखं झालं होतं, त्यामुळे औषध किती उरलंय हे डोळ्यांना कळायला मार्ग नव्हता. वास मात्र अजून येत होता.

म्हातारा उतारावर उकिडवा बसून हे सगळं बघत होता. तिसरा कळप आत गेला तेव्हा तो उठला, खाली हौदापाशी गेला आणि हौदवाल्याला म्हणाला, "नुसतं पाणीच घालतोस की रे."

"मग काय तूप घालू? पाणी रेघेला आहे ना? मग झालं."

म्हातारा परत वर आला. त्याच्या चोपन्न मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा गाभण होत्या. नदीपलीकडच्या हौदापर्यंत चालवत न्यायचं म्हणजे दोन दिवसांची वाट, मध्ये थंड पाण्यातून उतार, आणि पोटातली कोकरं वाटेत पडायची भीती. इथंच काम झालं तर बरं होतं. पण इथं काम होतंय का, हाच प्रश्न होता.

"ए शाळा," त्यानं हाक मारली. "इकडे ये जरा."

ती काठी घेऊन आली.

"तू शिकलीस ना? मग मला सांग. दर खेपेला तीनातली एक रेघ जाते, तेवढं पाणी घालतात. अशा चार खेपा होऊन आपला नंबर. तोवर औषध अर्ध्याच्या वर राहतंय का खाली जातंय?"

या घरात येऊन सहा वर्षं झाली, पण सासऱ्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त. नवराही मेंढीच्या मानेवरचा हात न काढता तिच्याकडे बघत होता.

ती खाली बसली. काठीच्या टोकानं ओल्या मातीत लिहिलं, वर दोन, खाली तीन. एक रेघ गेली म्हणजे दोन तृतीयांश उरलं, हे सोपं होतं. असं चारदा. तिला वर्गातल्या बाई आठवल्या, फळ्यावर कंस करून त्याच्या डोक्यावर छोटासा आकडा काढणाऱ्या. "डोक्यावरचा आकडा वरच्यालाही लागतो आणि खालच्यालाही," बाई म्हणायच्या. "एकाला दिला आणि दुसऱ्याला विसरलात तर हात पुढे करा." एकदा ती खालच्याला विसरली होती आणि तिनं हात पुढे केला होता. तो मार तिच्या अजून लक्षात होता. म्हणून आज तिनं नीट जपून केलं. डोक्यावर चार काढला. वरच्या दोनाला चार लावला, दोन चोक आठ. खालच्या तीनाला लावला, तीन चोक बारा. आठ बारांश. दोन्हीला चारानं भागलं. दोन तृतीयांश.

चारदा पाणी घातलं आणि उरलं तेवढंच? मनात काहीतरी टोचलं. पण उत्तर इतकं स्वच्छ सुटलं होतं, आणि सासरा इतका आशेनं बघत होता, की ते टोचणं तिनं तिथंच सोडून दिलं. वरच्याला दिलं होतं आणि खालच्यालाही दिलं होतं. बाई असत्या तर पाठ थोपटली असती, असंच तिला वाटलं.

"दोन तृतीयांश उरतंय, मामंजी. अर्ध्याच्या वर आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

म्हाताऱ्यानं मुलाकडे बघितलं. "घाल रे आत."

अंधारून येईतो ते तिघं राबले. नवरा मेंढी उचलून कड्यावरून सोडायचा, ती काठीनं डोकं दाबायची, सासरा पायऱ्यांवर उभा राहून निथळणाऱ्या मेंढीला ओढून घ्यायचा. तिच्या हातांच्या भेगांमध्ये पाणी शिरत होतं. सकाळी कारभाऱ्याच्या गड्याचे हात औषधानं भाजल्यासारखे लाल झालेले तिनं पाहिले होते. आपले हात तितके झोंबत नाहीत याचं तिला बरंच वाटलं. हौदवाल्यानं चोपन्न पाठींवर निळे पट्टे ओढले आणि बादली झटकून टाकली. परत येताना म्हातारा चक्क शीळ घालत होता. "शाळा घरात असलेली बरी असते," तो मुलाला म्हणाला. ती मागून चालत होती, आणि तिला इतका आनंद झाला की थंडीही जाणवेना.

तीन आठवड्यांनी मेंढ्या पुन्हा खांबाला पाठ घासू लागल्या. आधी म्हातारीच, मग बाकीच्या. खाज इतकी, की चरायचं सोडून त्या स्वतःचीच लोकर दातांनी उपटत होत्या. लोकर गेलेल्या जागी रात्रीचा गारठा थेट कातडीला भिडत होता.

नवऱ्यानं सगळ्यात आजारी चार मेंढ्या निवडल्या आणि नदीपलीकडे गेला. जाण्याआधी त्यानं एक शहाणपणा केला. कातरीनं त्यांच्या पाठीवरची निळी लोकर तेवढी कापून काढली. पाचव्या दिवशी तो परतला तो तिघींना घेऊनच. उंबऱ्यावर बसून पाय चोळत राहिला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"डॉक्टर हसले," तो म्हणाला. "निळ्या पट्ट्याएवढीच कापलेली जागा. आंधळ्यालासुद्धा कळेल, म्हणाले. रांगेतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं." मग त्यानं सांगितलं, "चौथी नदीत बसली. उठली नाही."

म्हातारा आतून म्हणाला, "औषध तर बरोबर होतं. आपल्याच जनावरात काही खोट असेल." त्यानं सुनेला बोल लावला नाही. तिच्या गणितावर त्याचा अजून विश्वास होता, आणि तेच तिला सोसवेना. आपलं काही चुकलंय का, हे ती रोज मनात घोकत होती, पण दोन चोक आठ आणि तीन चोक बारा यात चूक काय असणार?

मग एके दुपारी कुरणावरची माणसं कळप बघायला आली. एकदम नाही, ज्याचं काम जसं आटपलं तसा एकेक जण. पहिला कारभारी. तो अंगणात बसला. आल्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं. घरात दूध होतं ते एका भांड्यात, जेमतेम तीन वाट्या. आजारी मेंढ्या आटल्या होत्या. तिनं एक वाटी कारभाऱ्याला दिली. अजून कोणी आलं तर पुरणार नाही, म्हणून भांड्यात वाटीभर पाणी घातलं. तेवढ्यात दुसऱ्या घरचा आला. त्याला एक वाटी दिली, भांड्यात पुन्हा वाटीभर पाणी. मग तिसऱ्या घरचा आला, मग चौथ्या घरचा ढेरपोट्या. दर खेपेला एक वाटी बाहेर आणि एक वाटी पाणी आत. शेवटी सासरा मेंढवाड्यातून हात पुसत आला आणि इतरांच्या पंगतीला बसला. त्यालाही तिनं वाटी दिली.

सासऱ्यानं एक घोट घेतला आणि वाटीत बघितलं. "हे काय गं? पाणी दिलंस?"

तिनं दारातूनच मागं भांड्याकडे बघितलं. भांडं दर वेळी भरलेलं होतं. ते कधीच रिकामं झालं नव्हतं. चारदा पाणी घातलं होतं. दोन तृतीयांश उरायला हवं होतं ना?

ती मागं फिरली, चुलीपाशी गेली आणि कोळसा घेऊन जमिनीवर बसली. पहिल्या खेपेला तीनातलं दोन उरलं. दुसऱ्या खेपेला त्या उरलेल्यातलं तीनातलं दोन. म्हणजे दोनाला चारानं गुणायचं नव्हतं. दोनाला दोनानं, त्याला परत दोनानं, त्याला परत. दोन, चार, आठ, सोळा. खाली तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशीतलं सोळा. पाचवा हिस्सासुद्धा नाही. डोक्यावरचा छोटा आकडा तिनं वरच्यालाही लावला होता आणि खालच्यालाही, बाईंचं ऐकलं होतं. फक्त तो आकडा लावायचा म्हणजे काय करायचं, हेच ती विसरली होती.

हातातला कोळसा तिला सोडवेना. नुसती अंघोळ घातली होती तिनं त्यांना. स्वतःच्या हातातल्या काठीनं एकेकीचं डोकं दाबून.

बाहेर कारभारी बोलत होता. "बाकीच्यांचे कळप बरे झाले. हौद तोच, औषध तेच. तुमचेच नाही झाले. म्हणजे दोष तुमच्यात आहे. उद्यापासून कुरणावर तुमचा कळप नको. वरच्या खडकाळ माळावर न्या."

"तिथं गवत कुठंय?" म्हातारा म्हणाला. "थंडीचे दिवस आहेत."

ती बाहेर आली. एरवी पुरुष बोलत असताना ती मध्ये बोलली नसती. "औषध तेच नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्या वाटीतलं दूध आणि मामंजींच्या वाटीतलं, दोन्ही चाखून बघा. भांडं तेच होतं. मी दर वाटीमागं पाणी घातलं, हौदवाल्यानं घातलं तसंच. पहिल्यांना सगळं औषध मिळालं. दुसऱ्यांना तीनातलं दोन हिस्से. तिसऱ्यांना नवातलं चार, तिथंच ते अर्ध्याच्या खाली गेलं. चौथ्यांना त्याहून कमी. आमच्यापर्यंत आलं ते हे." तिनं सासऱ्याची वाटी पुढे धरली. "तिसऱ्या आणि चौथ्या घरच्याही मेंढ्या खाजवत असणार."

तिसऱ्या घरच्यानं स्वतःच्या वाटीत बघितलं. ढेरपोट्यानं बघितलंसुद्धा नाही, वाटी हळूच मागं सरकवली. दोघांच्याही बाह्यांना खपल्यांचा तो पिवळा चिकटा लागलेला तिला दिसत होता. त्यांनी हो म्हटलं असतं तर उद्या त्यांनाही माळ दाखवला गेला असता.

"आमच्या मेंढ्या ठणठणीत आहेत," ढेरपोट्या म्हणाला.

"आमच्याही," तिसरा म्हणाला.

दुसऱ्या घरचा हसून कारभाऱ्याकडे वळला. "म्हणजे आपल्याला पाणी घातलेलं दूध पाजलं म्हणायचं."

कारभारी उठला. "पाहुण्याला पाणी पाजतात आणि वर हिशेब शिकवतात," तो म्हणाला, आणि चपला सरकवून निघाला. बाकीचे एकेक करून त्याच्या मागं गेले. म्हातारा मान खाली घालून बसला होता. तिला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. वाट्या तेवढ्या उचलायच्या राहिल्या होत्या. त्या तिनं उचलल्या.

संध्याकाळी तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. दोन चोक आठ कसं चुकलं ते कोळशानं लिहूनही दाखवलं. त्यानं खूप वेळ त्या आकड्यांकडे बघितलं. त्याला त्यातलं फारसं कळलं नसावं.

"तू खाली म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर नदीपलीकडे गेलो असतो."

"हो."

"वाटेत काही पडल्या असत्या."

"काही पडल्या असत्या," ती म्हणाली. "बाकीच्या जगल्या असत्या."

तो उठून मेंढवाड्याकडे गेला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

माळावर वारा अडवायला झुडूपसुद्धा नव्हतं. नवऱ्यानं मेखा ठोकून जाळीचं कुंपण घातलं. तंबाखूचं पाणी उकळून ती एकेक मेंढी चोळत होती. हातांची कातडी सोलून निघाली, पण किडा काही मरेना. गाभण मेंढ्यांची कोकरं पोटातच गेली, आणि ज्यांची लोकर गेली होती त्या आधी गेल्या. सकाळी कुंपणाशी यायचं आणि ताठरलेल्या मेंढ्या पाय धरून ओढत खड्ड्याकडे न्यायच्या, हेच काम झालं. लोकरीचे निळे पुंजके जाळीला अडकून राहिले होते. औषधाची खूण तेवढी पक्की बसली होती.

महिना झाला तेव्हा नदीतली धरून अठरा गेल्या होत्या. म्हातारा दगडावर बसून म्हणाला, "तीनातला एक हिस्सा गेला. अजून दोन महिने थंडी. दोन हिस्से राहिलेत. म्हणजे वाडा रिकामा. याला शाळा लागत नाही."

ती जाळीची गाठ बांधत होती. बोलावं की नाही हे तिला कळेना. पण तो जे म्हणत होता तेही चुकीचं होतं, आणि ते ऐकून तिला राहवेना.

"सगळ्या नाही जाणार, मामंजी," ती म्हणाली. "दर महिन्याला उरलेल्यातला तिसरा हिस्सा जातो. आता छत्तीस आहेत. अशाच गेल्या तर पुढच्या महिन्याला चोवीस राहतील. मग सोळा."

"सोळा राहतील?"

"राहतील. अगदी शून्य कधी होत नाही. थोडं उरतंच."

या वेळी त्यानं 'पक्कं?' असं विचारलं नाही. तिनंही ते म्हटलं नाही. माळावर एक मेंढी खोकत होती, आणि दोघं ते ऐकत बसली. आपलं हेही गणित चुकावं, असं तिला मनापासून वाटत होतं. तीस राहाव्यात. वीस तरी.

थंडी ओसरली त्या सकाळी म्हाताऱ्यानं कुंपणाची फळी काढली आणि नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. एकेक मेंढी बाहेर यायची आणि तो तिच्या पाठीला हात लावून मोजायचा. अंगं अर्धी उघडी, हाडं वर आलेली. बारा झाल्या. तेरा, चौदा, पंधरा. शेवटी एक लंगडत आली. मग दार रिकामं राहिलं. आत कुणी नव्हतं, तरी तो बराच वेळ आत बघत उभा होता.

"सोळा," तो म्हणाला.

ती मेख उपटायला खाली वाकली होती. एवढ्याशा कळपाला एवढं कुंपण लागत नव्हतं, ते आत घ्यायचं होतं. नवरा दुसऱ्या टोकाला जाळी गुंडाळत होता. म्हातारा हळूहळू चालत तिच्यापाशी आला, आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सहा वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"या वेळी बरोबर आलं गं तुझं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. पोर पास झाल्यावर बाप म्हणतो, तसं त्यानं म्हटलं.

तिला मान वर करता येईना. दोन्ही हातांनी मेख धरून ती हलवत राहिली, आणि घट्ट बसलेल्या मातीतून मेख काही लवकर निघेना.